पैसे गेले, पण पोहोचले का?

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातील खानापूरच्या बाजारपेठेत गेली 9 वर्षे मी झेरॉक्स काढण्याचे आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे दुकान चालवतो. एम.कॉम. करताना ग्राहक-मानसशास्त्राची दोन-तीन प्रकरणे परीक्षेपुरती वाचली होती. त्यांचा अर्थ उमगला तो या काउंटरमागे बसल्यावर, कारण डिजिटल सेवेवर रुसलेला माणूस कंपनीकडे जात नाही, तो आमच्यासारख्यांच्या दुकानाची पायरी चढतो.

जांबोटी भागातल्या एक मावशी मागच्या जुलैत अशाच आल्या होत्या. रोप लावणीचे दिवस होते. खताच्या दुकानात त्यांनी मोबाइलवरून क्यूआर कोड स्कॅन करून पैसे भरले, त्यांच्या खात्यातून रक्कम वजा झाली, मात्र दुकानदाराच्या मोबाइलवर काहीच आले नाही. खताची दोन पोती दुकानातच राहिली आणि गावाकडे जाणारा टेम्पो निघून गेला. मोबाइल माझ्यापुढे ठेवून त्या म्हणाल्या, "बाळा, पैसं गेलं म्हणतंय, आन् दुकानदार आलं न्हाई म्हणतोय. मग मधी कुठं बसलंय ते?"

या प्रश्नाचे उत्तर नियमांत आहे. रिझर्व्ह बँकेने 20 सप्टेंबर 2019 रोजी काढलेल्या परिपत्रकानुसार, यूपीआयवरून दुकानदाराला दिलेली रक्कम वजा होऊनही व्यवहार पूर्ण झाला नाही, तर ती त्या दिवसानंतर 5 दिवसांच्या आत आपोआप परत मिळाली पाहिजे आणि त्यापुढच्या प्रत्येक दिवसाच्या उशिरासाठी ग्राहकाला 100 रुपये भरपाई मिळाली पाहिजे. मावशींचे पैसे तिसऱ्याच दिवशी परत आले. म्हणजे नियमाच्या दृष्टीने सेवेत काहीही खोट नव्हती. तरीही त्या दिवसापासून मावशींनी मोबाइलवरून पैसे देणे बंद केले ते आजतागायत, आणि मला त्यांचा हा निर्णय अडाणीपणाचा वाटत नाही.

ग्राहक-वर्तनाचे अभ्यासक रिचर्ड ऑलिव्हर यांनी 1980 मध्ये समाधानाची जी मांडणी केली, तिचे सार असे की माणूस सेवेला सुटे मोजत नाही. आधी मनात धरलेल्या अपेक्षेशी तिची तुलना करतो आणि त्या दोहोंतल्या अंतरावरून समाधान किंवा असमाधान ठरते. मावशींची अपेक्षा कुठल्या जाहिरातीतून आलेली नव्हती. आयुष्यभर हातातली नोट समोरच्या हातात देताना जे घडत आले, तीच त्यांची मोजपट्टी होती. नोट दिली की ती मध्ये कुठे थांबत नाही. यूपीआय 2016 मध्ये आले, नोटेचा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे, आणि नव्या सेवेला त्या जुन्या अनुभवाशीच बरोबरी करावी लागते. शिवाय मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी 1979 मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे, तेवढ्याच रकमेच्या लाभाने होणाऱ्या आनंदापेक्षा तोट्याची बोच अधिक तीव्र असते. वर्षभरात सुरळीत झालेले शंभर व्यवहार एका पारड्यात आणि लावणीच्या दिवशी अडकलेले खताचे पैसे दुसऱ्या पारड्यात घातले, तर कुठले पारडे खाली जाईल हे सांगायला अभ्यासकाची गरज नाही.

मात्र माझ्या मते त्या तीन दिवसांत मावशींना सर्वाधिक जाचले ते पैसे अडकणे नव्हे, काहीच न कळणे जाचले. सेवा-व्यवस्थापनाचे अभ्यासक डेव्हिड माइस्टर यांनी 1985 मध्ये रांगेत वाट पाहणाऱ्यांच्या मनाविषयी लिहिताना दोन निरीक्षणे नोंदवली होती: किती वेळ थांबायचे हे ठाऊक नसलेली प्रतीक्षा ठाऊक असलेल्या प्रतीक्षेपेक्षा लांब वाटते, आणि कारण न सांगितलेली प्रतीक्षा कारण सांगितलेल्या प्रतीक्षेपेक्षा लांब वाटते. मावशींच्या मोबाइलवर 'प्रक्रिया सुरू आहे' एवढेच शब्द होते. पाच दिवसांच्या आत पैसे परत येतील हे एक वाक्य त्याच ठिकाणी लिहिलेले असते, तर त्या निदान रात्री झोपल्या असत्या. ते वाक्य लिहायला कोणाला किती खर्च आला असता?

याउलट आमच्याच राज्यात एक सरकारी व्यवस्था अशी आहे, की जिच्या रचनेत मनाची ही गरज ओळखलेली दिसते. कर्नाटकाचा सेवा हमीचा कायदा 2011 चा. 'सकाल' या नावाने त्याची अंमलबजावणी एप्रिल 2012 मध्ये सुरू झाली. त्याखाली येणाऱ्या सेवेसाठी अर्ज केला की अर्जदाराला 15 अंकी क्रमांक मिळतो, सेवा किती दिवसांत द्यायची हे आधीच ठरलेले असते, आणि उशीर झाल्यास दिवसाला 20 रुपये या दराने, जास्तीत जास्त 500 रुपयांपर्यंत भरपाई मागता येते. भरपाई मागणारा अर्जदार मी क्वचितच पाहिला आहे. तरीही त्या क्रमांकाची पावती लोक रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवतात, आणि उत्पन्नाचा दाखला तीन आठवड्यांनी मिळणार असला तरी फारशी कुरकुर न करता घरी जातात, कारण आपला अर्ज कुठे आहे हे विचारण्याचा दोर त्यांच्या हातात आलेला असतो. बाजारातल्या भाजीवाल्या मावश्यांनी पैसे आल्याचे मोठ्याने सांगणारा छोटा स्पीकर एवढ्या लवकर आपलासा केला, त्यामागेही हेच कारण असावे. मोबाइलचा पडदा पाहायला ओले हात पुसावे लागत नाहीत, आणि मुख्य म्हणजे रक्कम देणारा व घेणारा या दोघांनाही एकाच वेळी तेच ऐकू येते, त्यामुळे वादाला जागाच उरत नाही.

आता भाषेविषयी लिहितो, कारण सीमाभागात हा विषय टाळून सेवेच्या समाधानावर बोलताच येत नाही. येथे मला सीमाप्रश्नाचा वाद मांडायचा नाही. कन्नड ही या राज्याची भाषा आहे, बाजारात आम्ही ती रोज बोलतो, आणि तालुका कचेरीतून निघणारा जमिनीचा उतारा कन्नडमध्ये असतो हे आम्ही गृहीत धरूनच वावरतो. माझे म्हणणे वेगळे आहे. भीमसारखे पैसे देण्याचे अॅप मराठीत वापरता येते. तेथे भाषा माणूस निवडतो. ग्राहक मदत केंद्रांत मात्र पुष्कळदा भाषा सिमकार्ड ठरवते. माझी बहीण लग्नानंतर कागलला गेली. राज्याच्या सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडला की महाराष्ट्रातले कागल लागते. एकाच कंपनीच्या मदत केंद्राला आम्ही दोघांनी फोन केला, तेव्हा तिच्या महाराष्ट्रातल्या नंबरवर मराठीचा पर्याय ऐकू आला, माझ्या कर्नाटकातल्या नंबरवर कन्नड, हिंदी आणि इंग्रजी एवढेच पर्याय होते. परिणामी सगळे सुरळीत असते तोवर सेवा मराठीत चालते आणि ज्या क्षणी काही बिघडते त्या क्षणी ती मराठी राहत नाही. वास्तविक माणसाला आपल्या भाषेची गरज सर्वाधिक तेव्हाच असते. हिंदीत पैसे पाठवणे मावशींना जमते. पैसे अडकल्याची काळजी, त्यामागचा राग आणि विनवणी हे सारे हिंदीत सांगणे त्यांना जमत नाही, मग त्या चार वाक्यांऐवजी एकच वाक्य बोलतात, पलीकडच्याला प्रश्न नीट कळत नाही, आणि फोन ठेवल्यावर मदत केंद्राच्या वहीत मात्र 'शंकेचे निरसन झाले' अशी नोंद होत असावी.

भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या तरतुदींनुसार, जिल्ह्यात किंवा तालुक्यात ज्यांची लोकसंख्या 15 टक्के किंवा त्याहून अधिक असेल, त्यांच्या भाषेत सरकारचे महत्त्वाचे नियम व सूचना प्रसिद्ध व्हाव्यात अशी अपेक्षा आहे. खासगी अॅपना ती लागू नाही. पण ग्राहकाची भाषा त्याच्या सिमकार्डवरून ठरवू नये, त्यालाच एकदा विचारून कायमची नोंदवून ठेवावी, एवढे करायला कुठल्याही कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

कंपन्यांना हे का दिसत नाही, याचा विचार करताना मला ताऱ्यांची आठवण होते. आमच्याकडे पार्सल घेऊन येणारा मुलगा शेजारच्या गल्लीतला असतो. त्याने "काका, तेवढे पाच तारे द्या" म्हटले की पार्सल उघडण्याआधीच पाच तारे दिले जातात, कारण एक तारा कमी केला तर त्याच्या पगाराला धक्का लागेल अशी लोकांना धास्ती असते. त्या ताऱ्यांत शेजारधर्म मोजला जातो, सेवेचे समाधान नाही. अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी 1970 मध्ये असमाधानी ग्राहकापुढचे दोन मार्ग सांगितले होते: तक्रार करणे किंवा निघून जाणे. ज्याला तक्रारीची भाषाच मिळत नाही, त्याच्यापुढे दुसराच मार्ग उरतो, आणि जाणारा जाताना काही बोलत नाही. मावशींनी अॅप काढून टाकले नाही, तारेही दिले नाहीत. त्यांनी ते फक्त वापरणे थांबवले, आणि ही गोष्ट कुठल्या आकड्यात पकडली जाईल हे मला ठाऊक नाही.

त्या प्रसंगानंतर मी माझ्या दुकानात एक पद्धत सुरू केली. अर्ज भरला किंवा पैसे पाठवले की पावतीच्या मागे मराठीत चार ओळी लिहून देतो: काय केले, क्रमांक कोणता, कोणत्या तारखेपर्यंत वाट पाहायची, आणि त्यानंतर कोणाला विचारायचे. यात अर्जामागे दोन-तीन मिनिटे अधिक जातात आणि दुपारच्या गर्दीत मागचे लोक खोळंबतात, पण ते मी सोसतो. दिवाळीनंतर मावशी नातवाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला आल्या. फी त्यांनी रोख दिली. पावतीची मागची बाजू वर करून माझ्यापुढे धरली आणि म्हणाल्या, "तारीख जरा मोठी लिही बाळा, घरात सगळ्यास्नी दिसली पायजे."