गाडी ‘पी’मध्ये अडकली तर

सोसायटीच्या तळघरात पावसाचं पाणी शिरतंय, गाडी बाहेर काढायची आहे आणि ऑटोमॅटिकचा गिअर ‘पी’मधून (म्हणजे ‘पार्क’मधून) हलायला तयार नाही. अशा वेळी लिव्हरशी कुस्ती खेळू नका. मोडेल ते आतलं प्लास्टिक, गिअर निघणार नाही. (पाणी भराभर चढत असेल तर गाडीचा नाद सोडा आणि आधी वर या.)

लिव्हरखाली विजेवर चालणारा एक छोटा खटका असतो, त्याला सोलेनॉइड म्हणतात. ब्रेक दाबला की पेडलच्या वरच्या स्विचमधून करंट जातो, खटका सरकतो आणि लिव्हर सुटतो. त्यामुळे दोष लिव्हरच्या आधी कुठेतरी असण्याची शक्यता जास्त. पाणी गाडीच्या आत आलेलं नसेल तर इंजिन न लावता इग्निशन ऑन करा, ब्रेक दाबा आणि कान द्या. ‘टक्’ असा आवाज यायला हवा. मागे एकाला ब्रेकलाइट बघायला उभं करा. लाइट लागत नसेल तर स्विच किंवा फ्यूज गेलाय. लाइट लागतो पण ‘टक्’ नाही, तर सोलेनॉइड किंवा त्याची वायर. डॅशबोर्डच अंधारात असेल तर बॅटरी. आणि ‘टक्’ होऊनही लिव्हर हलत नसेल तर आत सांडलेला चहा, पडलेलं नाणं किंवा उतार.

सोडवण्याआधी हँडब्रेक पूर्ण ओढा, चाकांना उताराच्या बाजूने विटा लावा, ड्रायव्हर सीटवर एकाला बसवा. न्यूट्रलमध्ये जाताच गाडी घरंगळू शकते. शिवाय इंजिन बंद असताना दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा होतो, तेव्हा सीटवर दणकट माणूस हवा.

बऱ्याच गाड्यांत लिव्हरच्या शेजारी नखाएवढं प्लास्टिकचं झाकण असतं, कधी त्यावर ‘शिफ्ट लॉक’ लिहिलेलं असतं. टोकाला कापड गुंडाळलेल्या चपट्या स्क्रू ड्रायव्हरने ते अलगद उचला. आत किल्ली किंवा स्क्रू ड्रायव्हर सरळ खाली दाबून धरा, पाय ब्रेकवर ठेवा आणि लिव्हरचं बटण दाबून ‘एन’मध्ये आणा. काही गाड्यांत झाकण न दिसता कन्सोलखाली लपलेलं असतं, ते मॅन्युअलमध्ये बघावं लागतं. किल्लीची गाडी असेल तर स्टिअरिंगचं लॉक उघडण्याइतकी किल्ली फिरवलेली हवी.

उतारावर गोष्ट वेगळी. गाडीचं सगळं वजन गिअरबॉक्समधल्या एका बोटाएवढ्या धातूच्या आकड्यावर पडलेलं असतं. विटा तशाच ठेवून हँडब्रेक सैल करा. दोघा-तिघांनी गाडी चढाच्या बाजूला इंचभर रेटली की तो सुटतो, त्याच क्षणी ब्रेक दाबून लिव्हर ओढायचा. रोज पार्क करताना आधी ‘एन’, मग हँडब्रेक, मग ब्रेकवरचा पाय काढून गाडी स्थिरावू द्यायची आणि शेवटी परत ब्रेक दाबून ‘पी’ लावायचा, म्हणजे ही वेळच येत नाही.

डायल किंवा बटणाच्या गिअरला असं झाकण सहसा नसतं. तिथे बॅटरी मेली तर जंप-स्टार्ट करा, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून वायरने करंट घ्या: लाल चिमटा प्लसला, काळा इंजिनच्या उघड्या धातूला. इलेक्ट्रिक हँडब्रेकही त्याच बॅटरीवर सुटतो. मारुतीच्या एजीएस (क्लच आपोआप चालणाऱ्या) गाड्यांत मुळात ‘पी’ नसतो, त्यामुळे त्यात अडकण्याचा प्रश्नच नाही.

टो करायची वेळ आली तर फ्लॅटबेडच (गाडी पूर्ण वर चढवून नेणारा ट्रक) मागवा. पुढची चाकं ओढणारी ऑटोमॅटिक गाडी ती चाकं जमिनीवर ठेवून फरफटत नेली की गिअरबॉक्सला तेल मिळत नाही, आणि त्याचं बिल तळघरातल्या पाण्यापेक्षा मोठं येऊ शकतं.