इन्सुलिनचा कागद कसा तयार झाला: माझा अनुभव

बार्शीत माझं डीटीपी आणि डिझाइनचं काम आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, शाळांचे अहवाल, हे रोजचं. मधुमेहाचे पेशंट पाहणाऱ्या इथल्याच एका डॉक्टरीणबाईंनी मला इन्सुलिन नव्याने सुरू होणाऱ्यांसाठी माहितीपत्रक करून मागितलं. त्यांच्याकडे आधीचं एक पत्रक होतं, चकचकीत कागदावर. सुरुवात ‘मधुमेह हा चयापचयाशी निगडित दीर्घकालीन विकार असून’ अशी, आणि अर्ध्या पानावर स्वादुपिंडाचं रंगीत चित्र. आज पहिल्यांदाच हातात सिरिंज आलेल्या माणसाने घरी जाऊन काय करायचं, ते मागच्या पानावर अगदी तळाशी.

लिहायला घेण्याआधी मी सिस्टरांच्या खोलीत एका कोपऱ्यात बसायची परवानगी मागितली. पेशंटची हरकत नसेल तेव्हाच बसायचे. लोक काय विचारतात ते वहीत उतरवत गेले. ‘घरात फ्रीज नाही, बाटली कुठं ठेवू?’ ‘संकष्टीला घ्यायचं का?’ ‘एकदा लागलं की जन्माचं का?’ स्वादुपिंडाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मग मी ठरवलं, हेच प्रश्न पत्रकाची शीर्षकं होतील आणि रोगाची माहिती पूर्ण काढायची. डॉक्टरीणबाईंना ते जड गेलं, पण ती वही वाचल्यावर त्या तयार झाल्या.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो सिरिंजवर. आपल्याकडे इन्सुलिनची बाटली बहुतेक वेळा एका मिलिलिटरला ४० युनिटची असते, पण १०० युनिटचीही मिळते. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या: ४० वालीचं टोपण लाल, १०० वालीचं नारिंगी. १०० च्या बाटलीतून लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत औषध भरलं, तर अंगात २० च्या जागी ५० युनिट जातात. साखर इतकी खाली येऊ शकते की माणूस बेशुद्ध पडेल. उलटं झालं तर जेमतेम ८ युनिट जातात आणि साखर चढतच राहते. म्हणून पत्रकाच्या अगदी वर बाटली आणि तिच्या जोडीची सिरिंज शेजारी शेजारी काढली. खाली एवढंच लिहिलं: ‘बाटलीवरचा आकडा किंवा टोपणाचा रंग वेगळा दिसला तर भरू नका. आधी आम्हाला दाखवा.’ छपाई काळ्या आणि लाल अशा दोनच रंगांत करायची होती. लाल रंग मी दोनच ठिकाणी वापरला, हे टोपण आणि साखर कमी होण्याची चौकट. शीर्षकं, सजावट, दवाखान्याचं नाव, सगळं काळ्यात.

डोस नुसता आकड्यात लिहिणं पुरेसं नव्हतं. सिरिंजवर इंग्रजी आकडे असतात आणि जुनी चौथी शिकलेल्या आजींना मराठी आकडे वाचता येतात. म्हणून सिरिंजचं चित्र खऱ्या मापाचं, तिच्यावरच्याच आकड्यांसकट काढलं आणि दट्ट्याची जागा मोकळी ठेवली. सिस्टर त्या चित्रावर पेनाने रेघ मारतात: ‘काळं रबर इथवर आलं पाहिजे.’ पेशंट आपली सिरिंज कागदावर ठेवून ताडून पाहतो. कागद लॅमिनेट केला असता तर ही रेघ मारता आली नसती, म्हणून जाड, चमक नसलेला कागद घेतला.

कच्च्या नमुन्याची छापील पानं घेऊन मी पुन्हा त्याच खोलीत बसले. सकाळ-संध्याकाळसाठी सूर्याचं चित्र होतं. एका आजींनी त्यावर बोट ठेवून विचारलं, ‘ह्यो उगवतोय का मावळतोय?’ सूर्य गेला. ‘नाश्त्याआधी’ असं लिहावं तर रानात जाणारी माणसं सातला चहा पितात आणि भाकरी खातात दहा-अकराला. या दवाखान्यात बहुतेकांना मिश्र इन्सुलिन (लवकर आणि सावकाश काम करणारं एकत्र) देतात आणि ते जेवणाच्या साधारण अर्धा तास आधी घ्यायचं असतं. सात वाजता टोचून अकराला जेवलं तर मधल्या वेळात साखर उतरणार. मग वाक्य असं झालं: ‘सकाळी पोटभर खायच्या अर्धा तास आधी. नुसत्या चहावर घेऊ नका.’

फुली मारलेली चित्रंही काढून टाकावी लागली. बर्फाच्या कप्प्यातल्या बाटलीवर फुली होती, पण दोघीतिघींना फक्त बाटली आणि बर्फ दिसला. आता योग्य जागेचंच चित्र आहे, फ्रीजच्या दारातला कप्पा. शेजारी फ्रीज नसलेल्यांसाठी सावलीत ठेवलेलं ओलं मातीचं मडकं आणि आत कोरड्या डबीत बाटली. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे ही जागा पत्रकात हवीच होती. पोटावर टोचण्याच्या चित्रात उघडं, बिनडोक्याचं धड होतं. बाहेर पुरुषमंडळी बसलेली असली की बायका ते पान पटकन मिटून पिशवीत टाकत. त्या जागी साडीतली बाई काढली, खुर्चीवर बसलेली, पदर जरा बाजूला घेतलेला. ते पान मात्र सगळ्यांनी उघडं धरलं.

साखर कमी होण्याच्या चौकटीबद्दल मला फार कळकळ आहे. घाम, थरथर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी किंवा मशीनवर ७० च्या खाली आकडा असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं आणि मग काहीतरी खायचं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. सांगायला सोपं, पण वर्षानुवर्षं ‘साखरेला शिवू नका’ ऐकलेल्या घरात त्या घटकेला साखर द्यायला हात धजावत नाही. म्हणून सगळ्यात मोठ्या अक्षरात एकच ओळ आहे: ‘अशा वेळी साखर हेच औषध.’ ही चौकट कापून स्वयंपाकघरात चिकटवता येते, कारण ती वाचायची वेळ येते ती घरच्यांवर.

पुष्कळ घरी हा कागद वाचतो तो नातू, सहावी-सातवीतला. तो मोठ्याने वाचणार आणि आजी ऐकणार. म्हणून प्रत्येक वाक्य मी शाळकरी मुलांकडून वाचून घेतलं. मूल जिथे अडखळलं तिथे वाक्य तोडलं. अक्षर १६ पॉइंटचं ठेवलं आणि ओळींत अंतर सोडलं, नाहीतर वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांत घुसतात. छापखान्यात फाइल उघडली की जोडाक्षरं फुटतात, हा आमच्या धंद्यातला जुना ताप. औषधाच्या कागदावर तो परवडत नाही, त्यामुळे छपाईआधी प्रूफ सिस्टरांनी आणि मी सिरिंज समोर ठेवून ओळ न् ओळ तपासलं.

देण्याची पद्धतही बदलली. ‘समजलं का?’ म्हटलं की सगळे ‘हो’ म्हणतात. आता सिस्टर म्हणतात, ‘काकू, आता तुम्ही मला करून दाखवा.’ जिथे हात थांबतो, तिथे पेनाने खूण होते. उपवासासाठी पत्रकात एकच सूचना आहे: आदल्या दिवशी विचारा, डोस बदलावा लागू शकतो.

सध्या सिरिंजऐवजी इन्सुलिन पेनने, म्हणजे पेनासारख्या दिसणाऱ्या उपकरणाने, टोचून घेणाऱ्यांसाठी वेगळा कागद करते आहे. त्यात बटण दाबल्यावर सुई आत ठेवून दहापर्यंत मोजायचं असतं. ते चित्रात कसं दाखवायचं, यावर सिस्टर आणि मी अजून अडलो आहोत.