प्रिंटमधली रिकामी ओळ

सकाळीच हिशेब विभागातून फोन आला, "एकूण बेरीज कमी येतेय." लॉग उघडला तर एकही एरर नाही, बेरीज काढणारी प्रोसिजर (डेटाबेसमध्येच साठवलेला प्रोग्रॅम) नेहमीच्या वेळेत पूर्ण झालेली. अशा तक्रारीची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते. एरर आली तर निदान बोट ठेवायला जागा मिळते.

आमच्याकडे प्रत्येक शाखेचे व्यवहार वेगळ्या टेबलात असतात. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसच्या क्वेरीत, म्हणजे माहिती मागवणाऱ्या आज्ञेत, टेबलचं नाव व्हेरिएबलमधून देता येत नाही. म्हणून स्टोअर्ड प्रोसिजर यादीतून एकेक नाव उचलायची, क्वेरीचा मजकूर जोडून चालवायची आणि निकाल टेम्पररी टेबलात टाकायची. कुठल्या शाखेला कोणती जादा अट, तेही त्याच यादीत होतं.

क्वेरी चालवण्याच्या आधीच्या ओळीत तिचा मजकूर दाखवणारा प्रिंट टाकला. टेबलं 14, म्हणजे 14 क्वेऱ्या दिसायला हव्या होत्या. एकेक मोजत खाली आलो. नववी संपली, मग एक रिकामी ओळ, आणि थेट अकरावी! यादीत पाहिलं, तर दहाव्या शाखेच्या अटीच्या जागी नल, म्हणजे काहीच भरलेलं नाही. अधिक चिन्हाने मजकूर जोडताना एक तुकडा जरी नल असला तरी सबंध मजकूर नल होतो. तो क्वेरीचा मजकूर चालवणाऱ्या एसपी_एक्झिक्यूटएसक्यूएलच्या हाती दिला की ते काहीही न चालवता, हूं की चूं न करता परत येतं. अख्खी शाखा बेरजेतून गळली होती.

सहकारी म्हणाली, "मजकूर जोडायला कॉनकॅट वापर ना, ते नलला कोरं धरतं." मला ते पटेना. अट भरायची राहिली असेल, तर त्या शाखेचे रद्द झालेले व्यवहारही बेरजेत शिरतील आणि तेही कुणाला कळणार नाही. आकडा चुकण्यापेक्षा काम अडलेलं बरं. म्हणून मजकूर नल निघाला की शाखेचं नाव सांगून थ्रो करायचं, म्हणजे एरर देऊन थांबायचं, असं ठरवलं. त्याच बैठकीत टेबलांची नावं कोटनेममधून, म्हणजे चौकटी कंसात घालून घेतली, आणि मजकुरात चिकटवलेल्या तारखा काढून पॅरामीटरने, म्हणजे मजकुरापासून वेगळ्या पाठवल्या.

चाचणीला मुद्दाम एक अट नल केली. प्रोसिजर त्या शाखेचं नाव सांगून थांबली. यादी दुरुस्त केल्यावर बेरीज जुळली.

पण ती अट केव्हापासून नल होती? यादीत बदलाची तारीखच नव्हती. एकेक महिना मागे जात जुने अहवाल पुन्हा काढले. आणखी दोन महिन्यांत फरक निघाला. दोन्ही आकडे मी स्वतः फोन करून हिशेब विभागाला कळवले.