‘फ्लाग्रां’: डोळ्यांदेखत घडलेला गुन्हा

फ्रेंच भाषेतील ‘फ्लाग्रां’ हे विशेषण ‘जळणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आले असून, ज्या अपराधाची धग अद्याप विझलेली नाही, तो ‘फ्लाग्रां देली’, म्हणजे आपण ज्याला रंगेहाथ पकडणे म्हणतो त्या प्रसंगातील गुन्हा होय. हा शब्द केवळ बोलण्यापुरता नाही. फ्रान्सच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 53 नुसार, जो गुन्हा घडत आहे किंवा नुकताच घडला आहे, तो तर या वर्गात येतोच; परंतु त्यानंतर अगदी थोड्याच वेळात लोक आरडाओरड करीत ज्याचा पाठलाग करतात, किंवा ज्याच्याजवळ गुन्ह्याशी संबंधित वस्तू अथवा खुणा आढळतात, त्याचे कृत्यही त्यातच मोडते. खासदाराला फौजदारी प्रकरणात अटक करण्यासाठी सभागृहाच्या कार्यकारी मंडळाची परवानगी लागते, पण 1958 च्या संविधानाच्या कलम 26 ने अशा गुन्ह्यापुरती ती अट काढून टाकली आहे.

न्यायालयाबाहेर मात्र हा शब्द बराच सैल झाला आहे. धडधडीत अन्याय, ढळढळीत खोटेपणा, उघड विसंगती या साऱ्यांना तो लागतो आणि स्त्रीलिंगी नामाबरोबर ‘फ्लाग्रांत’ असा उच्चारला जातो. माझ्या मते त्याचा भर अपराधाच्या गांभीर्यावर नसून त्याच्या उघडेपणावर आहे, कारण दोन गोष्टींमधील निरुपद्रवी पण ठळक विरोधालाही फ्रेंच माणूस हेच विशेषण सहज लावतो.