आमची वाटचाल : आधी दुरुस्ती, मग विक्री

आमच्या दुकानाच्या पाटीवर 'कॅमेरा विक्री व दुरुस्ती' असं लिहिलंय. खरं तर क्रम उलटा पाहिजे होता. दुकान आजवर तरलं ते दुरुस्तीवरच. विक्रीत चार पैसे मिळाले ती वर्षं थोडी, आणि तेही पुढं एका मशिनच्या हप्त्यांत गेले.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९७६ साली सोलापूरच्या नवी पेठेच्या मागच्या गल्लीत गाळा घेतला. त्याआधी १५ वर्षं ते फौजेत होते. ईएमईमध्ये, म्हणजे फौजेची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक. सिकंदराबादला शिकले आणि पुढं दुर्बिणी, कंपास, तोफांच्या नेम धरायच्या साइट हेच काम केलं. निवृत्त फौजी दिसला की त्याला 'मेजर' म्हणायची आपल्याकडं रीतच आहे. अण्णा निवृत्त झाले हवालदार म्हणून, आणि 'मेजर' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला ते आज ८४ व्या वर्षीही दुरुस्त करतात.

१९६५ च्या लढाईत ते खेमकरण भागात होते, ७१ ला शकरगडकडं. तिथल्या असल उत्तर गावाला पाणी सोडलेल्या उसाच्या रानात पाकिस्तानचे पॅटन रणगाडे कसे रुतले, ते विचारलं तर सांगतात. पण पाचव्या मिनिटाला गाडी भिंगांवर येते. त्या धुळीत दुर्बीण उघडायची कुठं, पुसायची कशानं, आणि दोन्ही नळ्या पुन्हा जुळवायच्या कशा. नळी केसभर जरी सरकली तरी बघणाऱ्याला एकाच्या दोन वस्तू दिसतात आणि थोड्या वेळानं डोकं धरतं. आघाडीवरच्या माणसाला असली दुर्बीण देण्यापेक्षा न दिलेली बरी, असं त्यांचं मत.

दुकान काढलं तेव्हा घरोघरी आगफाचा क्लिक थ्री कॅमेरा होता. १२० ची फिल्म, एका रोलला १२ फोटो. त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नसतं, त्यामुळं त्यावर पोट भरणं अवघड. खरं काम आलं ते आखातातून. परदेशी कॅमेऱ्यांवर जबर कर होता, म्हणून यशिका आणि कॅनन यायचे ते दुबईला गेलेल्या भावाच्या नाहीतर मेव्हण्याच्या बॅगेतून. बिघडला की न्यायचा कुठं? मुंबईला धाडायचा, नाहीतर आमच्याकडं.

अण्णांचं टेबल बघण्यासारखं असे. कॅमेरा उघडायच्या आधी कोऱ्या कागदावर त्याची आकृती काढायची आणि निघालेला प्रत्येक स्क्रू आकृतीत त्याच्याच जागी ठेवायचा. जपानी स्क्रूची खाच साध्या फिलिप्स पेचकसाच्या मापाची नसते. जोर लावला की डोकं झिजतं आणि मग तो स्क्रू जन्मात निघत नाही. अण्णांनी पेचकसांची टोकं स्वतः घासून बसवली होती. लेन्सचं फोकस जाम झालं असेल तर आतलं ग्रीस सुकलेलं असतं. ते काढायला दोन आट्यांच्या नळ्या वेगळ्या कराव्या लागतात. पण त्या नेमक्या कुठं सुटल्या तिथं खूण केली नाही तर संपलंच. आट्यांची सुरुवात अनेक ठिकाणी असते. चुकीच्या ठिकाणी बसवलेली लेन्स फिरते छान, फक्त लांबचं कधीच स्पष्ट दिसत नाही. दुसरीकडं 'सर्व्हिसिंग' होऊन आलेल्या अशा लेन्सा आम्ही ढिगानं पाहिल्या.

मागच्या खोलीत डार्करूम होती. डेव्हलपर, म्हणजे फिल्म धुवायचं द्रावण, २० अंशांवर हवं, आणि सोलापूरच्या मे महिन्यात नळाचं पाणीच अंग भाजेल असं. गरम द्रावणात फिल्मवरचा जिलेटिनचा थर मऊ पडून सोलतो. म्हणून उन्हाळाभर बर्फाच्या लादीचा तुकडा यायचा. तो द्रावणात टाकायचा नाही, टाकीभोवती परातीत ठेवायचा. आईच्या सरबताला त्यातलाच उरलेला तुकडा जायचा, हे आता सांगायला हरकत नाही.

जानेवारीत गड्ड्याची जत्रा, म्हणजे ग्रामदैवत सिद्धेश्वरांची यात्रा, ही आमची दिवाळी. सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज म्हणजे उंच मानाच्या काठ्या, संमती कट्ट्यावर देवाच्या लग्नाचा अक्षता सोहळा, आणि पांढऱ्या बाराबंदीतली, म्हणजे बंदांच्या अंगरख्यातली, माणसंच माणसं. इथं भलेभले हौशी फसायचे. एवढं पांढरं दिसलं की कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर उजेड जास्त आहे असं समजतं, त्याप्रमाणं उजेड कमी घेतला की बाराबंदी राखाडी येते. रोल विकतानाच अण्णा बजावायचे, 'एक स्टॉप उघडा ठेव बरं का', म्हणजे मीटर सांगेल त्याच्या दुप्पट उजेड आत येऊ दे. ज्यांनी ऐकलं त्यांचे फोटो आजही घरात लावलेले दिसतात.

१९९३ ला निवडणूक आयोगानं मतदारांना फोटो ओळखपत्रं द्यायचं ठरवलं. त्यात आम्हीही एका ठेकेदाराकडून काम घेतलं. काम झालं, पैसे हप्त्याहप्त्यानं रडत आले. विडी कामगार बायकांच्या ओळखपत्रांचे फोटो मात्र रोखीचे. पूर्व भागातून, म्हणजे शहरातल्या तेलुगू वस्तीतून, पाच-सहा जणी मिळून येत, तेलुगूत हसत-भांडत आरशापुढं रांग लावत.

९९ साली रंगीत मिनिलॅब, म्हणजे रोल धुऊन फोटो छापणारं मशिन, घेतली, कर्ज काढून. पहिली काही वर्षं मशिनला उसंत नव्हती. मग डिजिटल आलं, मग मोबाईल, आणि ज्या मशिनवर गाळ्यापेक्षा जास्त पैसे घातले होते ते भंगारवाल्यानं किलोवर नेलं. २०१२ मध्ये कोडॅकच दिवाळखोरीत गेली, तिथं आमचं काय!

त्या काळात दुकान माझ्याकडं आलं. भाऊ पुण्याला नोकरीत, मला टेबलाची सवय लहानपणापासूनची. पंढरपूर, तुळजापूर, विजापूर, गुलबर्ग्याचे लग्नाचे फोटोग्राफर येतात. कुणी 'ताई' म्हणतं, कुणी 'अक्का'. आजचं काम म्हणजे सेन्सर साफ करणं, पडलेल्या लेन्सा, घासलेले शटर. यंत्रमागाच्या भागातले कॅमेरे उघडले की कापसाचे तंतू हमखास निघतात. हल्ली कॉलेजची पोरं आजोबांचा फिल्म कॅमेरा घेऊन येतात. त्यांना मी आधी खर्च सांगते, कारण बऱ्याचदा तो कॅमेऱ्याच्या किमतीहून जास्त असतो.

ड्रोन आम्ही घेत नाही. अण्णांचा विरोध आहे म्हणून नव्हे, मला तो येत नाही म्हणून. गेल्या वर्षी कामाला ठेवलेली पूर्व भागातली एक मुलगी म्हणते, मी शिकते. तिला अण्णा अकरा वाजता दुकानात आले की आधी स्क्रू कागदावर मांडायला लावतात. ती मोबाईलवर फोटो काढून ठेवते आणि म्हणते, आकृतीपेक्षा हे बरं. यावरून दोघांचं रोज वाजतं. मी मध्ये पडत नाही. दोघांचेही स्क्रू अजून हरवलेले नाहीत.