रिकाम्या बॅगेचं वजन

पडद्यावरच्या पोराच्या खांद्याला लटकलेली गोल्फची बॅग काकांनी जरा वेळ निरखली आणि म्हणाले, “ताई, ह्याच्यात काय नाय. रिकामी हाय.”

मला त्याचं नवल नव्हतं. सिनेमातल्या सुटकेसा, हंडे, गोणी बहुधा रिकाम्याच असतात. नटाला तेच ओझं घेऊन दिवसभर टेक द्यायचे असतात, तो बिचारा कशाला मरेल? त्यात वजन भरायचं काम आमचं. मी फोली आर्टिस्ट आहे, म्हणजे पावलांचे, वस्तूंचे आवाज चित्र बघून नंतर भरणारी. ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात पडद्याकडे बघत चालते, धावते, भांडी आपटते, पदर झटकते. शेजारच्या गाळ्यातली प्रेस मशीन संध्याकाळी थंडावली की आमचा दिवस सुरू होतो.

लोकांना वाटतं, हे आवाज शूटिंगच्या वेळीच मिळत असतील. मिळतात, पण संवादांना चिकटून मिळतात. सिनेमा दुसऱ्या भाषेत डब करायचा तर मूळ संवाद काढावे लागतात, आणि त्यांच्याबरोबर पावलं, कपड्यांची सळसळ, टेबलावर ग्लास ठेवल्याचा आवाज, सगळंच जातं. ते पहिल्यापासून पुन्हा भरायचं. निर्मात्यांना आमची आठवण येते ती पैसे संपत आल्यावर.

हा सिनेमा गोल्फचा. खेळाडूंच्या बॅगा वाहणारा गरीब मुलगा, म्हणजे कॅडी, श्रीमंतांचा क्लब, शेवटी मुलगा जिंकतो. दिग्दर्शक तरुण, हुशार आणि 1913 च्या गोल्फमधल्या यूएस ओपन स्पर्धेने झपाटलेला. फ्रान्सिस विमेट नावाचा वीस वर्षांचा हौशी खेळाडू, अमेरिकेतल्या ब्रुकलाइनच्या क्लबसमोरच राहणारा, पूर्वी तिथेच कॅडीचं काम केलेला. बॅग उचलायला दहा वर्षांचा एडी लाउरी. बरोबरी सोडवणाऱ्या प्लेऑफमध्ये विमेटचे 72 फटके, हॅरी वार्डनचे 77, टेड रे यांचे 78; गोल्फमध्ये कमी फटकेवाला जिंकतो, तसा विमेट जिंकला. हे आकडे दिग्दर्शकाला झोपेतही येतात. 1991 ची इंडियन ओपन जिंकणारा दिल्लीचा अली शेरही कॅडीच होता, तो मात्र पटकथेत औषधालाही नाही. असो, पटकथेवर मत द्यायचे पैसे मला मिळत नाहीत.

या विमेटचा एक कृष्णधवल तुकडा सिनेमात आहे, आणि त्याच्यावर माझा जीव आहे. त्या काळी क्लबचे, म्हणजे गोल्फच्या काठ्यांचे, दांडे हिकरीच्या लाकडाचे. आजच्या टायटॅनियम ड्रायव्हरचा, म्हणजे लांब फटक्याच्या क्लबचा, ‘टिंग’ तिथे घातला तर जाणकार उठून जाईल. मी कुदळीचा जुना दांडा घेतला, टोकाला लोखंडी वजन आवळून बांधलं आणि घट्ट रबरी चेंडूवर मारून पाहिलं. कोरडा, जरासा बसका ‘ठक्’. बॉल ठेवायच्या लाकडी खुंट्या, म्हणजे टी, तेव्हा रुळलेल्या नव्हत्या, ओल्या वाळूची चिमूट दाबून तिच्यावर बॉल ठेवायचे. त्यासाठी कोपऱ्यावरच्या बांधकामावरून मूठभर रेती आणली आणि माइकला जवळजवळ चिकटून दाबली. तो आवाज अर्धा सेकंदही नाही, पण बोटांत ओल आहे असं वाटतं.

हे जमलं. चालणं जमेना. हिरवळीवरची पावलं आम्ही टेपच्या जुन्या फितींचा गुंता पायाखाली घेऊन करतो, ती छान आली. बॅगच खोटी वाटत होती. शेवटी खारघरच्या सिडकोच्या गोल्फ कोर्सवर जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने काकांचा नंबर दिला. काका पोरवयात चेंबूरला कॅडी म्हणून लागले, आता खारघरला. ते वागळेला आले ते स्वतःची बॅग घेऊन, चौदाच्या चौदा क्लब भरलेली. मी ती उचलून पाहिली आणि मुकाट्याने खाली ठेवली.

“तुम्ही पायात आवाज शोधताय,” काका म्हणाले. “बॅग पावलाच्या मागून बोलते.”

खरंच तसं होतं. आधी टाच टेकते, मग क्षणभराने क्लब एकमेकांवर आदळतात, मग पट्टा कुरकुरतो. उतारावर हा क्रम आवळतो, चढावर सैल पडतो. मी तोवर तिन्ही आवाज एकाच ठोक्यावर देत होते. आणि कोणी फटका मारायला उभं राहिलं की कॅडीचा हात आपोआप मागे जातो, क्लबची डोकी दाबून धरतो. एकदम चिडीचूप. ही चूप आम्ही मुद्दाम रेकॉर्ड केली. साउंड डिझायनर म्हणाला, शांततेला ट्रॅक कशाला? त्या ट्रॅकमध्ये हाताखाली दबलेल्या धातूची शेवटची किणकिण आहे, ती ऐकल्यावर गप्प बसला.

सिनेमातल्या हिरोची बॅग घेतलेली सगळी चाल त्यामुळे काकांची आहे. माझी नाही, हिरोची तर नाहीच.

मग शेवटचा ‘पट’, म्हणजे बॉल जमिनीवरून कपात, त्या खळग्यात, ढकलायचा हलका फटका. काकांनी तो पाहिला आणि मान हलवली. “एवढ्या जोरात आलेला बॉल कपात राहत नाय. वरून उडून जातो, नायतर कडेवरून फिरून भाईर.” कपाचा व्यास सव्वाचार इंच. बॉल सरपटत आला तर पडेल, पळत आला तर नाही. पण चित्र ‘लॉक’ झालेलं, म्हणजे संकलनात आता बदल नाही, बॉल आत जाताना दिसतोय. आवाजाने काही करता येईल का, असं मी विचारलं. काका विचार करून म्हणाले, “मागच्या भिंतीवर आपटवा. मग एक उडी, मग खाली.” त्यांनी आणलेला प्लास्टिकचा कप आम्ही मातीच्या पेटीत पुरला आणि बॉल हाताने तिरका मारला. ‘ठप्’, बारीकशी पोकळी, ‘टक-टक’. चित्राला लावल्यावर तोच पट शक्य वाटायला लागला. काका स्वतः म्हणाले, “आता जाईल.”

या कामाचा मला अभिमान आहे, म्हणूनच पुढचं डाचतंय. नामावलीसाठी मी काकांचं नाव पाठवलं. प्रॉडक्शनकडून उत्तर आलं की एका दिवसाच्या माणसाचं नाव घालायची पद्धत नाही. त्यांचे पैसे व्हाउचरवर ‘जेवण व प्रवास’ या खात्यात टाकलेत. कॅडीला कोणी विचारत नाही, यावर दोन तासांचा सिनेमा काढणारी ही माणसं! मी भांडतेय. फायनल मिक्स अजून बाकी आहे, आणि त्या पटवर संगीतकाराने व्हायोलिनं चढवली नाहीत तर कप ऐकूही येईल.

परवा काकांना फोन करून नावाचं सांगितलं. त्यांनी ते निम्मंच ऐकलं. त्यांचं भलतंच चाललं होतं.

“ताई, ते राहूद्या. तो शेवटचा झेंडा धरलेला बारका पोरगा हाय ना, तो लायनीवर पाय देऊन उभा हाय. बॉल जायचाय तिथंच! आमच्यात असं केलं तर दुसऱ्या दिवशी काम नाय मिळणार. त्याला सांगा जरा.”

“काका, शूटिंग कधीच संपलंय.”

“मग तेवढं कापा.”

तेवढंच पोस्टरवर छापलंय, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.