तुम्ही विचारलंत म्हणून : वामनदादांना समोर बसून ऐकताना

आंबेडकरी गाण्यांचा विषय निघाला आणि मी नाशिकचा आहे हे कळले, की तरुण मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात : लोककवी वामनदादा कर्डकांना तुम्ही समोर बसून ऐकले आहे, तर कॅसेटवर मिळत नाही असे तिथे नेमके काय होते? त्यांना बहुधा आवाजाविषयी ऐकायचे असते. माझे उत्तर मात्र श्रोत्यांविषयी आहे. ज्यांना उद्देशून ती गाणी लिहिली होती, ती माणसे तिथे समोर बसलेली होती.

वामनदादा १९२२ मध्ये सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मले आणि २००४ मध्ये नाशिकमध्येच त्यांचे निधन झाले. नाशिकचा कवी म्हटले की कुसुमाग्रजांचे नाव आधी निघते, आणि त्यात वावगे काही नाही; पण ज्या जिल्ह्यात १९३० साली काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला, १९३५ साली बाबासाहेबांची येवल्याची धर्मांतराची घोषणा झाली आणि भीमराव कर्डकांसारख्यांनी गाण्यांतून प्रबोधन करणारे आंबेडकरी जलसे उभे केले, तिथे गाण्यातून आपली बाजू मांडण्याची सवय लोकांना फार आधीपासून होती.

मी त्यांना ऐकले ते नव्वदच्या दशकात, नाशिकरोडकडच्या एका वस्तीतल्या भीमजयंतीच्या कार्यक्रमात. त्यांनी तेव्हा सत्तरी ओलांडली होती. रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करण्याचा नियम अजून यायचा होता, त्यामुळे जेवणे उरकून, पोरांना कडेवर घेऊन लोक निवांत येत होते. ढोलकी, पेटी आणि मागे साथीला कोरस एवढाच सरंजाम होता. गाणे रंगात आले की कोणीतरी उठून दहा-वीसची नोट पुढे करायचा, मग निवेदक देणाऱ्याचे नाव-गाव माइकवरून पुकारायचा आणि गाणे तेवढ्यापुरते अडायचे. शहरी मैफलींची सवय असलेल्याला हा प्रकार खटकतो. मलाही सुरुवातीला खटकला. माझ्या शेजारचा एक मुलगा मात्र त्या खंडाचीच वाट पाहत होता, कारण तो शाळेच्या वहीत गाणे उतरवून घेत होता आणि सुटलेली ओळ शेजाऱ्याला विचारून भरून काढायला त्याला तेवढीच उसंत मिळत होती. छापील संग्रह हाती पडण्याआधी वामनदादांची कितीतरी गाणी अशाच वह्यांमधून एका गावातून दुसऱ्या गावात पोचली आहेत.

त्या रात्री त्यांनी ‘भीमा तुझ्या मताचे जर पाच लोक असते’ हे गाणे म्हटले. तोवर मी ते गौरवगीत समजूनच ऐकत आलो होतो, आणि तयार गळ्याच्या गायकाकडून, भरगच्च वाद्यमेळासह ऐकले तर ते तसेच वाटते. रचना गझलेच्या वळणाची आहे : ‘लोक’, ‘टोक’, ‘चोख’ असे यमक आणि त्यामागे दर वेळी येणारे ‘असते’. दोन कडवी झाली की पुढचे यमक श्रोत्याला आधीच जाणवू लागते आणि ‘असते’ तर सगळा मांडवच म्हणतो. आता गाण्याचा रोख पाहा. भीम तुमच्या वाणीत आहे, तो करणीतही असता तर तुमचे वर्तन चोख राहिले असते, असे कवी म्हणतो आहे. म्हणजे ही सरळ सरळ झाडाझडती आहे आणि ती जयंतीच्या दिवशी, वर्गणी काढून बोलावणाऱ्या यजमानांच्या तोंडावर चालली आहे. शिवाय ‘असते’ म्हणायला लावून कवी त्यांच्याकडूनच ती कबूल करून घेतो आहे. पुढच्या रांगेत गळ्यात निळे उपरणे घातलेले कार्यकर्ते बसले होते. त्यांच्यातले काही हसले, काहींनी माना खाली घातल्या, आणि सर्वांत जोराची टाळी पडली ती मागे बसलेल्या बायकांतून. घरातली ‘करणी’ रोज पाहणाऱ्यांची ती टाळी होती, असे माझे मत आहे.

बिर्ला, बाटा, टाटा यांची नावे घेऊन धनाच्या साठ्यातला आमचा वाटा कुठे आहे असे विचारणारे त्यांचे गाणे पुष्कळांना ठाऊक असते, आणि सत्तेला प्रश्न विचारणारा शाहीर म्हणून त्यांची ओळखही त्यावरूनच सांगितली जाते. ती खरी आहे. पण परक्याला जाब विचारणे तुलनेने सोपे असते. आपल्याच माणसांना, तेही उत्सवात, बोल लावायचे आणि तरी त्यांनी पुन्हा पुढच्या वर्षी बोलवावे, हा अधिकार फार थोड्या कवींना मिळाला. कॅसेटमध्ये शब्द तेच असतात, चालही तीच असते, फक्त ते कोणाला सुनावले जात आहेत हे कळायला मार्ग नसतो. हल्ली हेच गाणे मिरवणुकीत डीजेवर लागते, त्यावर पोरे मनसोक्त नाचतात, आणि नाचू नये असे मी म्हणणार नाही. त्या मांडवात मात्र त्यावर कोणी नाचले नव्हते.